शेलदऱ्याची दाढ

"मॅडम, चाटून बघा."

टॉवेलात गुंडाळलेली वस्तू माझ्या टेबलावर ठेवत नेवसेकाका पहिलं वाक्य हेच बोलले. मागच्या रांगेतली माणसं खिदळली. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी टॉवेल सोडला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

आमच्या संग्रहालयात तेव्हा वर्षातून एकदा ओळख-दिवस असायचा. ज्याला जे सापडलं असेल ते त्यानं घेऊन यावं, आणि ते काय आहे, किती जुनं आहे, ते आम्ही सांगावं. काय काय यायचं माझ्यापुढं! डायनासोरचं अंडं म्हणून नदीतला गोटा, नागमणी म्हणून बाटलीची काच. एका गृहस्थांनी तर पावसात भिजून दगड झालेली सिमेंटची गोणी कासवाची पाठ म्हणून रिक्षात घालून आणली होती. दुपारपर्यंत माझ्या जिभेला धार यायची. मुळातच मी फटकळ, त्यात आडनाव आगलावे. शिपाई लोकांना आधीच सांगून ठेवायचा, मॅडम काही बोलल्या तर मनावर घेऊ नका.

पण काकांच्या टॉवेलातून जे निघालं ते बघून मी खुर्चीत सरळ झाले. पाट्याला नवी टाकी लावावी तशा आडव्या रेघा, दोन विटांएवढं वजन, रंग चहासारखा.

मी चाटलं. चिकटलं.

हे ऐकून हसू नका. जुन्या हाडातला मऊ भाग निघून गेलेला असतो आणि बारीक भोकं राहतात. ती ओल ओढतात, म्हणून हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. आम्ही सगळेच हे करतो, फक्त चारचौघांत कबूल करत नाही.

"हत्तीची दाढ आहे," मी म्हटलं.

"ते मला ठाऊक आहे. हत्ती कुठल्या काळातला ते सांगा."

भास्करराव नेवसे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक, राहणार शेलदरे. घोड नदीच्या काठचं गाव. निवृत्तीनंतर नदीवर फिरायला जायचं आणि वेगळं काही दिसलं की उचलून आणायचं, हा त्यांचा छंद. ही दाढ सापडली त्याला दहा-बारा वर्षं झाली होती. सुरुवातीला गावानं त्यांना डोक्यावर घेतलं, शाळेत हार घातला. मग एका मोठ्या विद्वानांना दाढ दाखवली. ते म्हणाले, "पेशवाईत कुणा सरदाराचा हत्ती नदी उतरताना मेला असेल, त्याची असणार."

"तेव्हापासून मॅडम, मी रस्त्यानं निघालो की पोरं ओरडतात, पेशव्यांचा हत्ती आला." काकांनी घसा खाकरला. "आता पंचायत जुन्या शाळेतली एक खोली देतेय. माझे सगळे दगड तिथं मांडायचे. सरपंच म्हणतो, काका, दाढेखाली पाटी लागली पाहिजे, किती वर्षांची ते पाहिजे. नाहीतर लोक हसतील. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेताला पाणी सोडण्यात गेला. माझं म्हणावं असं हे एकच सापडलंय मला. मरायच्या आधी एवढं कळलं पाहिजे, हत्ती पेशव्यांचा की पेशव्यांच्या आधीचा."

"कुठं सापडली?"

"नदीच्या पात्रात. वाळूत. लव्हाळ्याच्या बेटाशी."

इथंच घोडं अडलं. हाड स्वतःचं वय सांगत नाही. ते ज्या थरात पडलेलं असतं त्या थरावरून आम्ही वय काढतो, आणि पात्रातली वाळू गेल्या पुराची. तिच्यात वरच्या गावची तुटकी चप्पलही सापडते आणि लाखभर वर्षांपूर्वीचं हाडही. नुसत्या आकारावरून सांगावं, तर दाढ निम्मी झिजलेली आणि खालून तुटलेली. आजच्या हत्तीची की जुन्या जातीची, यावर दोन तज्ज्ञ महिनाभर भांडले असते.

तरी एक गोष्ट मला खुपत होती. नदीतून वाहत आलेली वस्तू गोट्यांवर आपटत येते, तिच्या कडा मारल्या जातात. या दाढेच्या कडा कोऱ्या होत्या. आणि दोन रेघांच्या मधल्या खाचेत, अगदी तळाशी, पांढरं काहीतरी बसलं होतं.

"घरी धुतली होती का?"

"मी नाही. आमच्या हिनं घासली होती. चांगली ब्रशनं. तिला घाण चालत नाही घरात."

मी कपाळावर हात मारला. सगळे हौशी लोक हेच करतात. सापडलं की आधी घासून लख्ख करायचं, वॉर्निश मारायचं, आणि मग आमच्याकडे यायचं. सुईनं त्या खाचेतली चिमूटभर पूड काढली, दाढ ठेवून घेतली आणि काकांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि खुर्ची पुढं ओढली. ती माती नव्हती. काच होती. फुटलेल्या बुडबुड्यांचे वाकडे वाकडे कपचे असावेत तशी. ज्वालामुखीची राख! समुद्रापलीकडं एक अवाढव्य ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख आपल्याकडच्या काही नद्यांच्या काठांत पांढऱ्या पट्ट्यासारखी सापडते. तिचं वय पंचाहत्तर हजार वर्षांच्या घरातलं धरतात. कसले पेशवे आणि कसलं काय!

पण घोड नदीच्या वाळूत अशी राख टिकणार नाही, पहिल्याच पुरात वाहून जाईल. म्हणजे दाढ वाळूतली नव्हतीच. ती कुठल्या तरी काठातून, थरातून उकरलेली होती, आणि काका माझ्यापासून जागा लपवत होते. हौशी लोकांची ही दुसरी खोड. आपली खाण दुसऱ्याला कळू नये म्हणून भलतंच ठिकाण सांगतात. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. राखेचं काही न बोलता काकांना नुसतं येतेय म्हणून कळवलं, पुढच्या रविवारी दाढ पिशवीत घातली आणि एस.टी.नं शेलदऱ्याला गेले.

काका फाट्यावर घ्यायला आले होते. घरी पोचेपर्यंत त्यांचं मला अख्ख्या गावाला दाखवून झालं. ओसरीवर फळ्या ठोकून त्यांनी आपले दगड मांडले होते. प्रत्येकाखाली चिठ्ठी, त्यावर वळणदार अक्षरात जागा आणि तारीख. मी एकेक तपासला. सगळे वाळूतले, सगळे घासटलेले, सांगितलेल्या जागेशी जुळणारे. हा माणूस थापा मारणारा वाटत नव्हता. मी बुचकळ्यात पडले.

"मग दाढ कशी सापडली, सांगा ना परत," मी म्हटलं.

काका खुलले. "सकाळची वेळ. मी आपला खाली मान घालून चाललोय. लव्हाळ्याच्या बेटाशी आलो आणि पाय आपोआप थांबले. कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं बघा! वाकून बघतो तर वाळूतून इतकंच डोकावतंय. मी गुडघ्यावर बसलो. हातानं वाळू सारली. मॅडम, खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

आत चुलीपाशी शालनकाकी भाकरी थापत होत्या. त्यांनी हे शंभरदा ऐकलं असणार. तरी थापता थापता त्यांचा हात थांबला होता.

जेवण झालं. काका पान आणायला म्हणून चौकात गेले. मी हात धुवायला मागच्या दारी गेले, तर काकी भांडी घासत बसल्या होत्या. तांब्या, परात, समई, सगळं पितळ असं झळकत होतं की डोळे दिपावेत. शेजारी पत्र्याच्या डब्यात पांढरी पूड. नारळाच्या शेंडीवर ती घ्यायची आणि तांब्याला घासायची.

"काकी, ही रांगोळी का?"

"नाय ओ, माती हाय. भांड्याला लय चांगली. राखुंडी झक मारती तिच्यापुढं."

मी चिमूट उचलली आणि दाताखाली धरली. कचकचली.

"अगं बाई! तुम्ही काय बी तोंडात घालता का?" काकी हसायला लागल्या.

मी गळ्यातलं भिंग काढून चिमूट उन्हात बघितली. तेच कपचे. तिथंच धुण्याच्या दगडावर बसले.

"काकी, कुठली माती ही?"

"बाजारातली."

"असली माती बाजारात मिळत नाही. हीच पूड त्या दाढेच्या खाचेत तळाशी थिजून बसलीय, घासण्यानं तशी बसत नाही. दाढ जिथली, माती तिथली. मला खरं सांगा, काकांनी ती कुठून उकरली?"

काकींनी तांब्या खाली ठेवला. दाराकडं बघितलं. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं.

"त्यांनी नाय उकरली. मी काढली."

मी भिंग खाली ठेवलं.

"निवृत्त झाले तवा हे पार खचले होते," काकी सांगू लागल्या. "सकाळी उठायचं आन् भिंतीकडं तोंड करून बसायचं. जेवण नाय, बोलणं नाय. डॉक्टर म्हणले, चालायला पाठवा. मंग नदीवर जायला लागले. तिथनं गोटे आणायचे. आणायचे आन् बघत बसायचे. एक दिवस समदे गोटे अंगणात भिरकावून दिले. म्हणले, शालन, ह्यात एक बी कामाचा नाय. माझ्यासारखेच."

"मग?"

"म्या माती आणायला जाते त्या काठात मला ती घावली होती. पाट्याचा तुकडा समजून आणली, पाय घासायला बरी म्हणून. पर निरखून बघितली तर दगडाची वाटंना. म्हणलं, ह्यांना आवडंल. हातात दिली असती तर म्हणले असते, बरं, ठेव तिथं. तवा हे नेमके नको तिथं शहाणे. म्हणून घासूनपुसून वाळूत पुरली. ह्यांच्या वाटेवर, लव्हाळ्यापाशी."

"आणि त्यांना दिसली."

"कुठलं दिसतंय! शेजारनं निघून गेले. दुसऱ्या दिशी पण. मला वाटलं, कुत्रं न्यायचं उचलून. शेवटी म्याच म्हणलं, अवो, लव्हाळ्याच्या अंगाला कायतरी चमकत होतं काल, बघा बरं. तवा कुठं घावली." काकींनी पदरानं नाक पुसलं. हसत होत्या आणि रडतही होत्या. "पळत आले ओ. चप्पल तिथंच राहिली नदीवर. त्या दिशी पोटभर जेवले. तवापास्नं माणूस माणसात हाय."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? माझ्या हातात महाराष्ट्रातल्या नदीकाठचं एक अव्वल जीवाश्म होतं. त्याचं वय सांगायचं तर जागा सांगावी लागणार, आणि जागा सांगितली की मग काकांनी शोधलं ते काय, हा प्रश्न आलाच.

"काकी, त्यांना वय पाहिजे. त्या काठाचं नाव घेतल्याशिवाय मला वय लिहिता येत नाही."

"मंग राहू द्या पेशव्यांचा."

"लोक हसतात त्यांना."

"हसू द्या. लोकांच्या हसण्यानं मरत नाय माणूस. आपलं कायच नाय असं वाटलं ना, तर मरतो. म्या बघितलाय." त्यांनी माझा हात धरला. ओला, राखेनं माखलेला हात. "बाई, तुमच्या पाया पडते. त्यांचं तेवढंच हाय."

मी फटकळ आहे, निष्ठुर नाही. दुसऱ्याच्या संसारात हात घालायला मी कोण? चूळ भरली आणि ओसरीवर आले. काका पानाचा पुडा घेऊन बसलेच होते.

"काका, मी सगळं तपासलं," मी म्हटलं. "वाळूतल्या वस्तूचं वय सांगता येत नाही. जुनी असेल, नसेलही. मला काही लिहिता यायचं नाही."

ते माझ्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. वाद घालण्यात मी तरबेज होते. पण त्यांनी नुसती मान हलवली. पुडा फळीवर ठेवला. माझ्या पिशवीतून दाढ काढून टॉवेलात गुंडाळली आणि चपला घालायला लागले.

"कुठं निघालात?"

"नदीला सोडून येतो. गावाची करमणूक पुष्कळ झाली. सरपंचाला सांगतो, खोली बालवाडीला दे." अंगठ्यात चप्पल नीट बसत नव्हती. ते पुनःपुन्हा पाय घालत होते. "तुमची चूक नाही मॅडम. तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझ्याच पदरात काही नव्हतं, मी उगीच..."

"थांबा," आतून आवाज आला.

काकी उंबऱ्यात उभ्या होत्या. हात तसेच पांढरे.

"दुसरी तिथंच हाय."

"दुसरी काय?"

"दाढ. जोडीची. ओढ्याच्या तोंडाला, काठात. मला निघाली नाय, लय आत हाय. पहिली म्याच काढली, म्याच तुमच्या वाटंत ठिवली. काय बोलायचं ते मला बोला, पर ही पाण्यात टाकू नका."

काका बायकोकडं बघत राहिले. मग दाढ तशीच काखेत मारून तरातरा निघाले, नदीच्या वाटेनं. मागून काकी अनवाणी, आणि त्यांच्यामागून पिशवी सावरत मी. मला खरंच वाटलं, हा म्हातारा आता दाढ फेकून देतो.

ते पात्राकडं वळले नाहीत. ओढ्याच्या तोंडाशी जाऊन थांबले. तिथं काठ उभा कापला गेला होता, आणि त्यात कमरेएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा सरळ गेला होता, भिंतीला चुना ओढल्यासारखा. मी तो बघितला आणि क्षणभर बाकी सगळं विसरले. पट्ट्याच्या एका अंगाला भांड्यांसाठी माती उकरून उकरून कोनाडा झाला होता. दुसऱ्या अंगाला मात्र कुणी हात लावला नव्हता. तिथं बाभळीच्या फांद्या दाबून बसवल्या होत्या.

"कुणी नेऊ नये म्हणून," काकी म्हणाल्या. "दर पावसाळ्यानंतर नवी फांदी लावते."

काकांनी फांदी ओढली. काटे बोटांत गेले, त्यांना पर्वा नव्हती. मागं, पांढऱ्या पट्ट्याच्या बुडाशी, त्याच आडव्या रेघा दिसल्या. राख वरून, बाजूनं, खाचाखाचांतून घट्ट बसलेली. कुणीही हलवलेली नाही, कुणीही घासलेली नाही. अशी वस्तू मिळावी म्हणून आमच्या धंद्यात लोक जन्म घालवतात.

"काका," मी पट्ट्यावर बोट टेकवत म्हटलं, "हा पट्टा पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या राखेचा आहे. हा हत्ती त्या राखेखाली गाडला गेलाय. तेव्हा पेशवे काय, शेती करणारा माणूससुद्धा नव्हता पृथ्वीवर."

ज्या उत्तरासाठी त्यांनी इतकी वर्षं वाट बघितली होती ते त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे. ते बायकोकडं वळले होते.

"मी दुनियेला सांगत सुटलो. पाय आपोआप थांबले, कुणी हाक मारली, डोळ्यांत पाणी आलं. आणि तू आत बसून ऐकत होतीस. हसत असशील मनातल्या मनात."

"नाय ओ. कधीच नाय."

"मग काय करत होतीस?"

"ऐकत होते. मला आवडायचं." काकींनी मान वर केली. "तुम्ही सांगायला लागला ना, की मला बी वाटायचं, खरंच हाक मारली असंल तुम्हाला कुणी."

काका खाली बसले. काठाला पाठ टेकून, मांडीवर टॉवेलातली दाढ घेऊन. मी आपली टेप काढली आणि थराची मापं घ्यायला लागले, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

शेवटी विचारायची वेळ आलीच. नोंदीत शोधणाऱ्याचं नाव लागतं. मी पेन उघडलं.

"काका, नाव कुणाचं लिहू?"

"दुसरीला हिचं लिहा. शालन भास्कर नेवसे. पूर्ण लिहा."

"आणि पहिलीला?"

काकांनी टॉवेल घट्ट धरला. चेहरा असा झाला, जसा माझ्या टेबलापुढं चाटून बघा म्हणताना होता.

"पहिली माझी," ते म्हणाले. "वाळूत होती, मी शोधली. तिथं कुणी ठेवली ते मला काय ठाऊक?"

काकी खुदकन हसल्या. मग तोंडाला पदर लावला, तरी हसू थांबेना. "त्यांचीच हाय बाई," त्या म्हणाल्या. "लिहा त्यांचंच."

मी जे घडलं तेच लिहिलं. पहिली दाढ, ओढ्याच्या काठात सापडली, शालन नेवसे. पुन्हा नदीच्या वाळूत सापडली, भास्कर नेवसे. आमच्या साहेबांनी ती नोंद वाचून मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, एक वस्तू दोनदा कशी सापडेल हो? मी म्हटलं, साहेब, शेलदऱ्याला जाऊन या, काका सांगतील.

साहेब गेले नाहीत. मी मात्र खोली उघडली त्या दिवशी गेले होते. दोन्ही दाढा शेजारी शेजारी ठेवलेल्या, खाली वयाची पाटी. काका पाहुण्यांना गोष्ट सांगत होते, सकाळची वेळ, खाली मान घालून चाललोय, लव्हाळ्याच्या बेटाशी पाय आपोआप थांबले. काकी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. हाक मारल्यासारखं झालं, इथपर्यंत काका आले आणि थांबले. पाहुण्यांच्या डोक्यावरून त्यांनी दाराकडं बघितलं.

"हिनं मारली होती," ते म्हणाले, आणि पुढं सांगायला लागले.